पंधरा दिवसांची सवलत

शाळेच्या ऑफिसातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी आखातातल्या अल वक्र्यात संजीवनीला सगळे मॅडमच म्हणत. आता ती मुलाच्या, अनयच्या व्हिसावर राहत होती. नात त्याच शाळेत तिसरीत होती आणि यंदा आजी-आजोबांनाही व्यवस्थापन समितीच्या निवडणुकीला उभं राहायची मुभा मिळाली होती.

तिला एकच ठराव आणायचा होता. बापाची नोकरी गेली, रेसिडेन्सी, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, रद्द झाली की मुलाचं नाव पटावरून कमी व्हायचं. दहावीच्या मुलांचं नाव निदान परीक्षेपर्यंत तरी कापू नये, एवढंच.

अर्जावर एका पालकाची सही लागत होती, म्हणून ती फजलकडे गेली. फजल दापोलीकडचा, हमद पोर्टवर क्रेन चालवायचा. त्याचा धाकटा आता त्याच शाळेत पहिलीत होता. कोकणातली पंचवीसेक घरं त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. चार वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या मुलीचं, इकराचं नाव दहावीतच कापलं गेलं होतं. तीन आठवड्यांत फजलला दुसरी कंपनी मिळाली, पण तोवर परीक्षेचे फॉर्म गेले होते. पोरगी आजोळी गेली, ती पुन्हा शाळेत गेलीच नाही.

त्याच्या बायकोने, माहिराने चहा ठेवला. फजलने पेन काढलं.

"लोक तुमच्या नावाने बोलतात, मॅडम. मी सांगतो, त्यांचा काय दोष? कम्प्युटरने नाव कापलं."

हे तिनेच तेव्हा त्याला सांगितलं होतं. आताही गप्प बसता आलं असतं.

"थांबा, फजलभाई," ती म्हणाली. "माझ्या सहीने नाव न कापता पंधरा दिवसांची सवलत देता येत होती. दोनदा. मी एकदाही दिली नाही. त्या आठवड्यात शाळेची तपासणी होती. मला यादी स्वच्छ हवी होती."

माहिराने कप उचलला. चहा तसाच होता. ती आत गेली आणि बाहेर आली नाही.

फजलने सही केली. "हे सभेत बोलायचं. सगळ्यांसमोर. नाहीतर मी बोलेन."

घरी सून चिडली. "आई, निवडून तर या आधी. मग काय ते बोला," नमिता म्हणाली. "आत्ता बोललात तर खलास."

उमेदवारांच्या सभेत संजीवनी बोलली. मागून कुणीतरी विचारलं, "अशी अजून किती मुलं?"

"अकरा."

नावं तिला पाठ होती. ती कुणी विचारली नाहीत.

मग दुसरा उमेदवार उठला. श्याम, अल खोरला राहणारा इंजिनियर. "म्हणजे मुलाचं नाव राहणार की जाणार, हे एका माणसाच्या मर्जीवर," तो म्हणाला. "हे बंद व्हायला हवं." टाळ्या पडल्या. हा आपल्याच बाजूने बोलतोय असं वाटून संजीवनीनेही मान हलवली.

तिला एकोणीस मतं पडली. कोकणातल्या घरांनीही श्यामलाच मत दिलं.

नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीत निर्णय झाला. पक्षपाताला वाव नको, म्हणून पंधरा दिवसांची सवलत रद्द. यापुढे रेसिडेन्सी गेली की त्याच दिवशी नाव कमी. नियम सगळ्यांना सारखा. सर्क्युलर नमिताच्या मोबाइलवर आलं. तिने तो सासूच्या हातात दिला.

संध्याकाळी फजलचा फोन आला.

"वाचलंत?"

"वाचलं."

"आमच्याकडे वेल्डर आहे, सुदाम. त्याचा करार या महिन्यात संपतोय. मुलगा दहावीला आहे त्याचा. आधी निदान तुमच्यासारख्या कुणापुढे हात तरी जोडता यायचे. आता त्याने कुणाकडे जायचं, मॅडम?"