काकूंच्या मशीनचा बोर्ड

आर्वीच्या एसटी डेपोसमोर आमच्या लहानपणी व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. आत चार मशीन. तीन एकट्याने खेळायची, चौथ्याला मात्र जोडीदार लागायचा. त्यात दोन गडी होते, एकाची पँट निळी, दुसऱ्याची लाल. दोघांनी मिळून गल्लीतल्या गुंडांना बडवत पुढे जायचं. एकटा खेळणारा दुसऱ्या टप्प्याच्या पुढे क्वचितच जाई.

मी शाळा सुटली की एकटाच यायचो. मग दुकान सांभाळणाऱ्या काकू तुरीच्या शेंगांचं टोपलं बाजूला सारत, पदर खोचत आणि लाल पँटवाला हातात घेत. "तू डावीकडचे पाह्य बाबू, उजवीकडचे मी पाह्यतो," म्हणत. त्या खेळात चुकून जोडीदारालाही ठोसा लागायचा. त्यांचा मला कधी लागला नाही. एकदा त्यांचा गडी मरायला टेकला असताना खेळातल्या जमिनीवर पडलेली कोंबडीची तंगडी मी उचलून खाल्ली. ती खाल्ली की ताकद भरून यायची, आणि माझी तर भरलेलीच होती. काकूंनी स्टिक सोडली. "असं खेळतेत का जोडीनं?" एवढंच म्हणाल्या आणि शेंगा सोलायला बसल्या.

आता मी नालवाडीत राहतो, शाळेत गणित शिकवतो. मागच्या खोलीत दोन जुनी मशीन आणून ठेवलीत. असा शौक असणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात मीही होतो. तिथे दिवसभर कोणाकडे कुठल्या खेळाचा बोर्ड, म्हणजे मशीनच्या पोटातलं सर्किट, कोणाच्या स्टिकरला ओरखडा नाही, हेच चालायचं. कोण कुणाबरोबर खेळलं, हे मात्र कधी वाचायला मिळालं नाही. एक दिवस मीही मिरवलो. लिहिलं की, दोघांचा तो मारामारीचा खेळ आर्वीत अजून चालू हालतीत आहे, काकूंच्या घरी.

तासाभरात पुण्याहून एकाचा फोन आला. "सर, बोर्ड ओरिजिनल असेल तर मी रविवारीच निघतो." मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ने म्हण त्याले. माह्या मागं कोण खेळते ते?"

रविवारी त्याला घेऊन मी आर्वीला गेलो. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मशीन घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये, सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांखाली होतं. काकू सत्तरीच्या पुढच्या, गुडघ्यांनी वाकलेल्या. त्यांनी पोती काढली, फडक्याने काच पुसली, बटण दाबलं. पडदा थरथरला आणि दोन्ही गडी उभे राहिले. मला एकदम भरून आलं.

पाहुण्याने पांढरे हातमोजे चढवले.

काकूंनी आम्हाला चहा दिला. त्या बिस्किटं आणायला आत वळल्या, तसा त्याने कप टिनाच्या भिंतीमागे रिता केला आणि माझ्याकडे पाहून नाक मुरडलं. मी हसलो. हे लिहितानाही मला माझ्या त्या हसण्याची किळस येते.

काकू परत आल्या. म्हणाल्या, "नेण्याच्या आधी एक डाव होऊन जाऊ दे. हा निळा घेईन, मी लाल."

"नको, नको, आजी, हात नका लावू," तो म्हणाला. "उगाच करंट उलटा गेला तर बोर्ड जाईल."

इतकी वर्षं त्याच हातांनी ते मशीन चालवलं होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. त्याऐवजी त्याने सांगितल्यावर मी टॉर्च धरली.

त्याने मागची फळी काढली. उंदराच्या मुताचा उग्र भपकारा आला. आत कुरतडलेल्या चिंध्यांचं घरटं, वाळलेली पाल, झुरळांची अंडी. "ईऽऽ," तो मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघत म्हणाला. मग त्याने मोबाइल वर केला आणि काकूंना टिपलं. त्या पदराने नाक झाकून उभ्या होत्या, ओशाळलेल्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मशीनपुढे ओशाळलेल्या. त्याने वायरी तोडल्या, पाटीएवढा बोर्ड काढून फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला.

"आन् बाकीचं?" काकूंनी विचारलं.

"ते कचऱ्यात टाका."

"घरी दुसऱ्या खोक्यात बसवून खेळसान?"

"खेळायचं नसतं हो हे. काचेच्या कपाटात ठेवायचं."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी टॉर्च बंद करत होतो.

दोन दिवसांनी ग्रुपवर व्हिडिओ आला. वर लिहिलं होतं: 'कुठून कुठून वाचवावं लागतं बघा!' घरटं, पाल, आणि मग काकूंचा चेहरा. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. एकाने विचारलं होतं, 'ही म्हातारी फुकट मिळाली का सोबत?' मी त्याला फोन करून व्हिडिओ काढायला सांगितला. "सर, मजा आहे, मनावर घेऊ नका," तो म्हणाला. मी ग्रुप सोडला. पण त्याला काकूंच्या घरी मीच नेलं होतं.

पुढच्या रविवारी माफी मागायला आर्वीला गेलो. काकूंनी व्हिडिओ पाहिला होता, फिरत फिरत तो शेजारच्या सुनेच्या फोनवर आला होता, तिने दाखवला. मशीनचं रिकामं खोकं अंगणात आडवं पाडून त्या फिनाइलने घासत होत्या.

"काकू, चुकलं माझं," मी म्हणालो.

"तो हासला त्याचं मले काई नाई," त्या म्हणाल्या. "तो मले कुठी ओळखते? तू काऊन नाई बोलला?"

मी त्यांच्या हातून ब्रश घ्यायला गेलो, त्यांनी दिला नाही. "जाय आता. बस निघून जाईन," म्हणाल्या. चहाचं विचारलं नाही.

महिन्याभराने पुण्याहून पुन्हा फोन. आवाजात तोच तुपाळ गोडवा. "सर, तुमच्या भागात, आर्वीजवळच्या तळेगावलाही असंच एक मशीन आहे म्हणे?"

आहे. एका किराणा दुकानाच्या मागे, माझ्या माहितीतल्या माणसाकडे.

"नाही," मी म्हणालो, "तिकडं असलं काही कधीच नव्हतं," आणि त्याचा नंबर पुसून टाकला.