काचेची बाजू अंगाकडे

८ फेब्रुवारी १९७१ रोजी एक हजार एकशे चाळीस रुपये देऊन त्याने मोठा कॅमेरा घेतला. पैसे बायकोचे होते. ती कपडे शिवायची, आणि दुसऱ्या मशीनसाठी तिने ते पै पै करून जमवले होते. पहिलं काम फसलं तर कॅमेरा परत करून मशीन आणायचं, एवढीच तिची अट. पंधरा दिवसांत परत घ्यायला दुकानदारही कबूल झाला.

खरं तर त्याचा जीव जडला होता पितळी कोपऱ्यांच्या एका भारदस्त कॅमेऱ्यावर. बायको म्हणाली, रस्त्याच्या वळणापर्यंत जरा नेऊन आणा. तो परतला तेव्हा तोंडाला फेस आला होता.

"अहो, हा तुम्ही नेणार, की तुम्हाला हा नेणार?"

मग दुकानदाराने घडी होणारा हलका कॅमेरा काढला. दिवे मालवून त्याच्या चामडी भात्यात पेटता बल्ब धरला. उजेडाचा एकही ठिपका बाहेर आला नाही, तेव्हा सौदा ठरला. भिंग काढून वेगळं गुंडाळा आणि मागची दुधी काच कायम अंगाकडे ठेवा, असं त्याने दोनदा बजावलं. त्या काचेवर चित्र बघूनच फोटो नीट जुळवायचा असतो.

बायकोने जुन्या रजईची पिशवी शिवली आणि त्यांच्या अजून न उघडलेल्या स्टुडिओचं नाव रेशमाने त्यावर भरलं. नाव नेमकं काचेच्या बाजूला आलं. त्यामुळे दोघं पहिल्याच कामाला निघाली तेव्हा, बसमधल्या लोकांना नाव दिसावं म्हणून त्याने पिशवी उलटी, काचेची बाजू बाहेर करून लटकवली. भिंग मात्र तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेतलं होतं. उतरताना पिशवी दाराच्या दांडीवर आपटली.

काम होतं एका शाळेतलं. मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या, त्यांचा सगळ्या वर्गांसोबत फोटो. मुलं बाकांवर चढून उभी राहिली आणि त्याने पिशवी उघडली. चौकटीत काचेऐवजी नुसते तुकडे. त्याचा चेहरा उतरला. मशीन दोघांच्याही डोळ्यांसमोर आलं असणार.

बायकोच्या पर्समध्ये कपड्यांचे नमुने उतरवायचा पातळ कागद असायचा. तिने तुकडे झाडले, शाळेतला डिंक मागवला आणि काच जिथे टेकायची तिथेच कागद इस्त्री केल्यासारखा ताणून चिकटवला. तो सुकेपर्यंत मुलांची चुळबुळ सुरू झाली.

"आणखी वेळ लागणार असेल, तर मी अजून एक वर्ष नोकरी करते," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि सगळं अंगण हसलं.

काळ्या कापडाखाली त्याला कागदावर अख्खी शाळा दिसली, डोकं खाली, पाय वर. त्याने बायकोलाही आत बोलावलं. ती कुजबुजली, "बाई उलट्या लटकूनही किती रुबाबात बसल्यात."

घरी त्याने निगेटिव्ह धुतली, तेव्हा बायको बंद दाराबाहेर उभी होती. मागची रांग जराशी पुसट आली होती, पण बाईंच्या चष्म्याची काडीसुद्धा स्वच्छ दिसत होती. मशीन घ्यायचं राहिलं. कॅमेरा घरात राहिला.

पुढे तीस वर्षं तो कॅमेरा उचलायचा आणि ती लाकडी स्टँड. निघताना ती विचारायची, "काच?" तो म्हणायचा, "अंगाकडे." आता ती नाही, आणि त्याच्या गुडघ्यांनाही जिने झेपत नाहीत. पिशवी खुंटीला आहे. काच फुटली त्या दिवशी घरी आल्या आल्या तिने रेशीम उसवून टाकलं होतं, पण सुईची भोकं बुजली नाहीत. खिडकीतून ऊन आलं की नाव वाचता येतं. तो ते रोज वाचतो, आणि पिशवीची ती बाजू पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवतो.

नवी काच त्याने त्याच दुकानातून उधार आणली होती. तो पैसे द्यायला गेला, तोवर दुकानदार दुकान विकून मुलीकडे राहायला गेला होता. काचेचे अठरा रुपये द्यायचे राहिले आहेत.