मागे बसणाऱ्याचं लायसन

बायकोचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं, तेव्हाच मुलाने विषय काढला. म्हणाला, "बाबा, आईची स्कूटर विकून टाकू."

तो डोंबिवलीला राहतो, रविवारी येतो. मी लालबागच्या चाळीत एकटा. आता चाळ पाडणार आणि नवी बिल्डिंग होईपर्यंत आम्हाला अँटॉप हिलच्या ट्रान्झिट कॅम्पात टाकणार. तिथे गाडी लावायची मारामारी. आणि लावली तरी चालवणार कोण? मला चालवता येत नव्हती. आमच्या घरात गाडी बायको चालवायची आणि मी मागे बसायचो. मिल बंद पडल्यावर मी वॉचमन झालो आणि ती मसाला करून विकायला लागली. तेव्हापासून तेच. पोरं हसायची, "काका, पडाल, काकूंना घट्ट धरा." धरायचो. माझ्या बायकोला मी धरीन, तुमच्या बापाचं काय जातं?

तिच्या साड्या वाटून झाल्या होत्या. मसाल्याचे डबे सुनेने धुऊन नेले. चष्मा कोणीतरी दान केला. मी सगळं जाऊ दिलं. मेलेल्या माणसाच्या वस्तू ठेवून काय लोणचं घालायचं? पण स्कूटरवर आलं तेव्हा डोकं फिरलं.

"मी शिकतो," मी म्हणालो.

"या वयात?"

"या वयात लोक मरतात. मी शिकतो."

त्याने स्कूटरची चावी हातात घेऊन बघितली. मग म्हणाला, "ठीक आहे. पण परीक्षा एकदाच. पहिल्या फटक्यात पास झालात तर गाडी राहील. नापास झालात तर विकायची, मग रडायचं नाही. तुम्ही पडलात आणि खुबा मोडला तर मी नोकरी सोडून येऊ का?"

कडू बोलला, खोटं नाही बोलला.

कच्चं लायसन आधी काढावं लागतं. कॉम्प्युटरवर चित्रं येतात आणि कोणतं बरोबर ते दाबायचं. मी चौथी शिकलेला. वाचतो, पण अक्षर अक्षर जोडून, आणि तेवढ्यात तिथला वेळ संपतो. म्हणून मी सगळी चित्रंच पाठ केली. जेवताना समोर तो चित्रांचा कागद ठेवायचो. पहिल्यांदा घरात एकट्याने जेवताना नजर कुठे ठेवायची हे कळलं. त्या परीक्षेत पास झालो. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरने तपासून सर्टिफिकेट दिलं. राहिलं काय, तर गाडी चालवणं.

शिकवायला आली खालच्या खोलीतली वहिनी. बायकोची मैत्रीण, दोघी स्कूटर बरोबरच शिकलेल्या. परीक्षेत इंग्रजी आठचा आकडा काढायचा असतो, पाय न टेकता. पाय टेकला की खलास. तर तिने काय करावं? सकाळी चाळीच्या चौकात रांगोळीनेच मोठा आठ काढला. वरच्या गॅलरीतून म्हातारी ओरडली, "अगो, त्यांच्या घरात वर्ष नाही झालं अजून! रांगोळी कसली घालतेस?"

वहिनी मालवणची. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "देवाची नाय गो आये, आरटीओची आसा!"

सगळी चाळ हसली. मीही हसलो, आणि लगेच वाईट वाटलं. असं आहे माझं. हसलो की चोरी केल्यासारखं वाटतं.

पहिले दिवस मी नुसता पडलो. "भावोजी, समोर बघा. चाकाकडे काय बघतात? चाक खय पळान जाता?" वहिनी मागून धावायची. "तिला सांगू काय, तुझो घोव घाबरट म्हणून?" मी म्हणायचो, "सांग. तिला माहीत आहे." रांगोळी पुसली जायची, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घालायची. हळूहळू चाक रेघेवर राहायला लागलं. एका सकाळी आठ पुरा झाला आणि रांगोळी जरा पण फिसकटली नाही. वहिनी टाळ्या वाजवायला लागली. मी गाडी स्टँडवर लावली आणि खोलीत जाऊन दार लावून बसलो. सांगायचं जिला होतं ती नव्हती. बाकीच्यांना सांगून काय करू?

खरं सांगायचं तर लायसन मिळून मला कुठे जायचंही नव्हतं. ठाकूरद्वारला तिची मसाल्याची गिऱ्हाईकं होती, ती आता दुसरीकडून घेतात. बाजार कोपऱ्यावर आहे. मला फक्त ती गाडी खाली उभी पाहिजे होती. सकाळी दूध आणायला उतरलो की दिसायची. तेवढ्यासाठी सगळं.

परीक्षेच्या दिवशी मुलगा रजा टाकून आला. आरटीओत रांग होती, सगळी पोरं-पोरी. एकजण म्हणाला, "अंकल, नातवाबरोबर आलात?" मी म्हणालो, "नाही, तुझ्याबरोबर नापास व्हायला आलोय." मुलगा जरा हसला. बऱ्याच दिवसांनी हसताना बघितला त्याला.

इन्स्पेक्टर सावलीत खुर्ची टाकून बसले होते. माझं नाव पुकारलं. मी आठ काढला. पाय टेकला नाही. गाडी जरा पण डगमगली नाही. मुलाने लांबून अंगठा दाखवला. मला वाटलं, झालं.

मग साहेब म्हणाले, "आता सरळ जा. त्या ड्रमांच्या अलीकडे डावीकडे वळून परत या. इंडिकेटर नको, हाताने दाखवा."

हाताने दाखवायचं कसं ते मला पाठ होतं. चालवणाऱ्याने उजव्याच हाताने दाखवायचं, डावीकडे वळायचं तरी. चित्र आलं होतं, बरोबर दाबलं होतं. पण चौकात आम्ही नुसता आठ केला, हाताचं कधी केलंच नाही. आणि आमच्या गाडीचा इंडिकेटर कित्येक वर्षं मेलेला. दुरुस्त कशाला करायचा, मागे मी होतो ना! वळण आलं की ती पुढून ओरडायची, "अहो, हात!" आणि मी ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा हात बाहेर काढायचो. परळच्या नाक्यावर, दादरच्या पुलाखाली, सगळीकडे.

वळण आलं. मी डावा हात लांब बाहेर काढला आणि गाडी वळायची वाट बघत बसलो.

खरंच वाट बघत बसलो. गाडी सरळ चाललेली, हात बाहेर, आणि मी समोर बघतोय, की आता वळेल. ड्रम आला तेव्हा कळलं की पुढे मीच आहे. गाडी आपटली, मी बाजूला पडलो. ढोपर सोलवटलं, बाकी काही नाही.

इन्स्पेक्टर उठून आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "आजोबा, हात दाखवलात, पण वळवणार कोण?"

मी तिथेच मातीत बसून राहिलो. लोक म्हणत होते पाणी द्या, लागलंय बहुतेक.

गाडी टेम्पोत घालून पुढे पाठवली. परत येताना टॅक्सीत मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, आठवड्याने परत देता येते परीक्षा. मी बोललो ते सोडा. आठ तर मस्त काढलात. फक्त हाताचंच शिकायचंय."

"विक," मी म्हणालो.

"अहो, मी रागावलो नाहीये."

"मी पण नाही. विक."

वहिनी भांडायला आली. "एकदा नापास झालात तर काय झाला? मी दोनदा झालंय!" तिला कसं सांगू? हात शिकता येतो. पण तेवढ्या रस्त्यात, ड्रम येईपर्यंत, मला पक्कं वाटत होतं की पुढे कोणीतरी आहे. इतके महिने मी लोकांना सांगत होतो की ती गेली, आणि मलाच ते माहीत नव्हतं. ते त्या ड्रमावर कळलं. आता त्या गाडीवर पुढे बसायची माझी छाती नाही, आणि खाली उभी दिसली तरी मागची सीटच दिसेल.

चिंचपोकळीचा एक माणूस येऊन घेऊन गेला. त्याने किक मारून बघितली, म्हणाला, "इंडिकेटर करून घ्यावा लागेल." मी म्हणालो, "घे करून."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो तर त्या जागेवर कोणीतरी पाण्याचा ड्रम आणून ठेवला होता. चाळीत मोकळी जागा एक दिवसही राहत नाही. मी दूध घेतलं आणि वर आलो.