मामांचा स्क्रूड्रायव्हर

आमच्या हॉस्पिटलची खरेदी बघणारे मामा म्हणजे विक्रेत्यांचे कर्दनकाळ. मेलेल्या मॉनिटरची बटणं जिवंत मॉनिटरला बसवणारा हा माणूस! कुणी नवं यंत्र घेऊन आला, की त्याच्या गोडगोड बोलण्याला मामा भीक घालत नसत. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊन म्हणत, "आधी उघडून दाखवा. जे उघडत नाही ते दुरुस्त होत नाही, आणि मग त्याचं भंगार माझ्या गळ्यात पडतं." भलेभले घाम पुसत परत गेले.

गेल्या महिन्यात मामांच्याच छातीत कळ आली. डॉक्टरीणबाई चाचरत म्हणाल्या, "मामा, छाती उघडावी लागेल."

मामींना रडूच फुटलं. मामा त्यांच्यावर खेकसले, "अगं, उघडता येतंय ना? मग रडतेस कशाला? भंगारात नाही निघालो अजून!"