पहिली संमती कोणाची?

"ते पुस्तक मुठेत बुडवा, आणि याला वाळीत टाका," धर्मशास्त्री म्हणाले. 'याला' म्हणजे मला.

मी दुभाषी. टोपीकरांचे इंग्रजी मराठीत आणून कारभाऱ्यांपुढे ठेवायचे, एवढेच माझे काम. संगमावरच्या साहेबाने कारभाऱ्यांना एक पुस्तक नजर केले. माणूस दान करतो ते स्तुतीसाठी, धन्यासाठी लढतो ते मानासाठी, थोडक्यात सगळे स्वतःसाठीच, असे त्यात लिहिलेले. साहेबाच्या मुलुखातही त्यावर गदारोळ झाला होता म्हणे. मी सार वाचून दाखवले तेव्हा कारभाऱ्यांनी एवढेच विचारले, "हे गृहस्थ पुण्यात राहून गेलेत का?"

बातमी शनिवार पेठेत फुटली. ओरड झाली, म्हणून कारभाऱ्यांनी निवाड्याला दोन शास्त्री बोलावले. एक धर्मशास्त्री, दुसरे तर्कशास्त्री. दोघांत वर्षानुवर्षे अबोला. पण पुस्तक पाखंडी आणि ते मराठीत आणणारा दोषी, यावर घटकाभरात एकमत झाले. माझी पाचावर धारण बसली. चाकरी जाणार होतीच, वर मुलीचे ठरलेले लग्न मोडणार होते.

निवाड्याचा कागद मलाच लिहायला लावला, कारण माझे अक्षर चांगले. अशा कागदाखाली शास्त्री आपली संमती लिहितात, आणि ज्याची संमती वर, त्याची विद्या मोठी असे सारे शहर धरते. म्हणून लिहिणाऱ्याने क्रम आधीच कारभाऱ्यांना विचारून ठेवायचा असतो. मी विचारला नाही. कागद मध्ये ठेवला आणि नम्रपणे म्हणालो, "पहिली संमती कोणाची घ्यावी?"

धर्मशास्त्री म्हणाले, आपल्याला मानाची हाव नाही, पण प्रश्न धर्माचा, तेव्हा वरची जागा धर्मशास्त्राची. तर्कशास्त्र्यांनाही हाव नव्हती. फक्त त्यांच्या शास्त्राचा अपमान होऊ नये, एवढीच इच्छा होती. दुपार टळली, वाढलेली पाने थंड झाली. कारभाऱ्यांनी शेजारी शेजारी लिहायची तोड सुचवली, तर उजवी बाजू कोणाची यावर पुन्हा जुंपली. शेवटी दोघे दोन दारांनी निघून गेले.

"संमती नाही, म्हणजे निवाडा नाही," कारभारी म्हणाले. "पुस्तक दफ्तरात बांधून ठेवा. अहो, पण क्रम विचारायला कसे विसरलात?"

"चूक झाली."

"करत जा अधूनमधून."

लग्न ठरल्या मुहूर्तावर झाले. केवळ विद्येच्या प्रेमापोटी आपण ते पुस्तक वाचवले, असे मी आजही चारचौघांत सांगतो. सगळे माना डोलावतात. सार ऐकलेले कारभारी तेवढे गालातल्या गालात हसतात.