सिंहासनावर बसवलेला मेलेला राजा

अकोल्याच्या एका शोभायात्रा समितीच्या अध्यक्षानं मला फसवलं. त्याच दिवशी त्यानं वाकाटकांच्या राणीलाही फसवलं, पण ती दीड हजार वर्षांपूर्वीच गेली, म्हणून तिची तक्रारही मीच करते आहे.

अमरावतीत माझं नाटकाचे कपडे भाड्यानं देण्याचं दुकान आहे. एका शिलाई मशीनवर सुरू केलं. आता जिल्हाभरातल्या शाळांची गॅदरिंगं माझ्या कपाटांतून निघतात. त्यामुळे लोकांना राण्या कशा लागतात, हे मला कोणी शिकवायला नको. इजिप्तची राणी हवी असलेल्यांना चकाकती तोकडी चोळी आणि रबरी साप हवा असतो. तिनं राज्य चालवलं, रोमच्या सेनापतींशी वाटाघाटी केल्या, त्याची चौकशी कोणी करत नाही. तो साप इतक्यांदा भाड्यानं गेला की त्याचं शेपूट आता दोऱ्यानं टाचलेलं आहे. आपल्याकडच्या राण्यांना तर दोनच कामं: रडायचं, नाहीतर राजाच्या बाजूला उभं राहून मान डोलवायची. राजाच्या कपड्यांबरोबर लोक तलवार मागतात. राणीच्या कपड्यांबरोबर सेफ्टी पिना.

गेल्या हिवाळ्यात हा अध्यक्ष दुकानात आला. कोचिंग क्लास चालवतो, नगरसेवक व्हायचं मनात आहे. विदर्भाच्या इतिहासावर त्यांची शोभायात्रा निघणार होती. त्यानंच मला मोबाइलवर त्या वाकाटक राणीच्या ताम्रपटाचा फोटो दाखवला.

"काकू, हा आपल्या रिद्धपूरचा हाये. नवरा मेला, पोरं लहान, मंग हिनंच राज्य चालवलं. अन् ताम्रपटात माहेरचं कूळ लिवलं."

"मंग ट्रॉलीवर काय दाखवून राहिले?"

"पांढरं लुगडं, डोळ्यात पाणी, मांडीवर लेकरू. लोकाइच्या काळजाले हात घातला पायजे."

"मंग राज्य कवा चालवते ते? रडणं झाल्यावर?"

तो हसला. मी हसले नाही, अट घातली. राणी सिंहासनावर एकटी बसेल, रडणार नाही आणि हातात राजमुद्रा धरेल. हे कबूल असेल तर कपडे, मुकुट, सिंहासन, सगळं अर्ध्या भाड्यात. अर्ध्या भाड्यात मी सख्ख्या भावालाही काही दिलेलं नाही. त्यानं लगेच मान हलवली.

मी इतकी उदार का झाले, तेही सांगते. माझा नवरा गेला तेव्हा घरच्यांनी दुकानाच्या गादीवर दिराला आणून बसवलं. जरीची तार कुठली आणि गोट्याची चकाकती पट्टी कुठली, हे त्याला कळत नव्हतं. गिऱ्हाईक भाव त्याला विचारायचं, तो माझ्याकडे बघायचा, भाव मी सांगायचे आणि गिऱ्हाईक आभार त्याचे मानायचं. त्याला गादीवरून उठवायला मला घरभर भांडावं लागलं. म्हणून ही राणी मला एकटी बसलेली बघायची होती. मुद्रा मी सुताराकडून घडवून घेतली आणि तांब्याचा रंग स्वतः दिला.

शोभायात्रेच्या दिवशी एसटीनं अकोल्याला गेले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ट्रॉली आली. सिंहासनावर मिशा लावलेला एक राजा पसरून बसला होता. मुद्रा त्याच्या हातात. राणी बाजूला उभी, हातात आरतीचं तबक, नाकात नथ. अजिंठ्याच्या भिंतींवर त्याच काळातल्या बायका रंगवलेल्या आहेत, त्यांच्यातल्या एकीच्याही नाकात काही नाही.

मग राजाच्या मुकुटाकडे लक्ष गेलं. डावीकडचा लाल खडा पडल्यावर तिथं मी हिरवा चिकटवला होता. तो मुकुट माझाच होता. शाळेच्या नाटकासाठी म्हणून एक मास्तर काही दिवसांपूर्वी घेऊन गेला होता, आणि आता तोच मास्तर ट्रॉलीपुढे माइक धरून चालला होता.

मी अध्यक्षाला गाठलं. "भाऊ, हा कोन?"

"राजा हाये, काकू."

"तो त मेला होता ना? तुमीच सांगतलं."

"मेला होता, पण सिंहासनावर एकटी बाई बरी दिसत नाई. लोकं विचारतीन ना, हिचा मालक कुठी हाये."

"अन् मुद्रा त्याच्या हातात कावून?"

"तिच्या हातात तबक हाये ना. दोन दोन वस्तू कशा धरन ते?"

राणी झालेली मुलगी त्याच्याच क्लासची होती. ती वरून हळूच म्हणाली, "काकू, मले बसूच नाई देलं."

दुसऱ्या दिवशी कपडे परत आले, वर शाल आणि नारळ. त्यानं पूर्ण भाडंही पाठवलं, जणू आमचा सौदा पैशाचा होता. मी भाडं आणि शाल दोन्ही परत पाठवलं. मुद्रा मात्र आली नाही. ती त्याच्या क्लासच्या ऑफिसात काचेमागे ठेवली आहे, असं ती मुलगी सांगते.

मास्तराशी मला बोलायचं नाही, तो सांगकाम्या आहे. अध्यक्षानं ती मुद्रा स्वतः घेऊन माझ्या दुकानात यावं. गादीवर मी बसलेली असेन, त्या मुलीलाही मी शेजारी बसवीन. राज्य करणाऱ्या बाईला उठवून मेलेल्या माणसाला बसवायचा हुकूम कोणी दिला, हे त्यानं आम्हा दोघींसमोर उभं राहून सांगावं.