कबुतरांनी मोजलेलं ऊन

द्राक्षांच्या एप्रिल छाटणीसाठी मजुरांच्या टोळ्या आल्या की आमच्या सल्ला केंद्राचं मुख्य काम एकच: उद्याचं ऊन किती घातक, ते आदल्या संध्याकाळी बागायतदारांना कळवणं. अतिनील किरणांचा आकडा उपग्रहावरून येतो. तो ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, तर आमच्याशी जोडलेल्या बागांत दुपारी छाटणी बंद. टोळ्यांतल्या पेठ-सुरगाण्याकडच्या बायकांना तेवढीच सावलीत पाठ टेकता येते.

यंदा हा आकडा जमिनीवर पडताळायचं ठरलं. गच्चीवर काचेच्या छोट्या घुमटाचं यंत्र बसवलं. दोन्ही आकडे शेजारी मांडणं माझ्याकडे. घुमट पुसणं आमच्या केंद्रप्रमुख सरांनी स्वतःकडे घेतलं. "मी सकाळी वर जातोच," म्हणाले. गच्चीची किल्लीही त्यांच्याचकडे.

गच्चीवरचा आकडा कमी यायला लागला. आधी थोडा, मग आठवड्यागणिक जास्त. अवकाळी पाऊस झाला तेव्हा फरक एकदम घटला आणि नंतर पुन्हा वाढत गेला.

"धूळ," सर म्हणाले. "वरून उपग्रहाला ती दिसत नाही. पावसाने हवा धुतली, एवढंच. उपग्रहाचा आकडा सरसकट खाली आणू. अहवाल करा, दोघं सही करू."

ऐकायला पटणारं होतं. पण आकडा तेवढा खाली आणला, की मर्यादा ओलांडणारे दिवस जवळजवळ उरतच नव्हते. म्हणजे दुपारची सुट्टी गेली. मी किल्ली मागून घेतली.

दार उघडलं आणि ओढणी नाकाला लावली. गच्चीभर ज्वारी, पिसं, विष्ठा. टाकीखाली कबुतराचं एक मेलेलं पिल्लू, मुंग्या लागलेलं. घुमटावर पांढरट-हिरवा थर वाळून बसलेला, पावसाने त्यात ओघळ पाडलेले. त्या थरातून यंत्राला ऊन दिसणार तरी किती? आधी फोटो काढले, आकडा टिपला, मग मऊ फडक्याने काच धुतली. आभाळ तसंच निरभ्र होतं, आणि आकडा उपग्रहाच्या जवळ जाऊन बसला.

खाली सर डबा खात होते.

"सर, वर ज्वारी कोण टाकतं?"

"मीच. आईचा नेम होता. मुके जीव आहेत, मॅडम."

"आणि काच?"

"पुसली की लगेच घाण करतात. कोण किती पुसणार?"

"मग ते आकडे रद्द करावे लागतील."

"इतक्या दिवसांची नोंद एका फडक्यावर रद्द करायची? बागायतदार मागे लागलेत, छाटणी लांबतेय. जाऊ द्या तसाच अहवाल." मग त्यांनी डबा पुढे सरकवला. "घ्या, शेंगदाण्याची चटणी आहे."

मला त्या हातांकडे बघवेना. मुक्या जिवांना दाणे, आणि बोलणाऱ्या बायकांना दुपारचं ऊन.

मी सही केली नाही. फोटोंसह टिपण मुख्य कार्यालयात पाठवलं. अहवाल थांबला, सरांचं बोलणंही थांबलं. संध्याकाळी टोळीच्या मुकादमबाईंचा फोन आला.

"ताई, दुपारची सुट्टी बंद व्हनार म्हनं. मालक लय खूश हाय."

"नाही होणार. उद्याचा आकडा वर आहे. दुपारी कात्री धरू नका."

"आमी सांगून ऐकल का तो? तुमीच सांगा."

मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "सर तर म्हणत होते, ऊन कमी भरलंय."

"मग दुपारी तुम्हीच छाटा. एक ओळ पूर्ण करा आणि मला फोन करा."

"बरं. उद्यापुरतं," म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळी पुढचा आकडा आला, तसा मी त्याला पुन्हा फोन लावला. छाटणी संपेपर्यंत रोज लावला.